सरकारने वाऱ्यावर लावलेले पैसे

१९८६ साली देवगडच्या सड्यावर डॅनिश बनावटीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समोर अरबी समुद्र, मागे हापूसच्या बागा आणि मधल्या उघड्या कातळावर पोलादी मनोरे, प्रत्येकाच्या टोकाला तीन पाती. एका यंत्राची क्षमता ५५ किलोवॅट, म्हणजे साडेसात अश्वशक्तीचे दहाएक शेतीपंप चालतील इतकी. त्याच सुमारास गुजरातेत ओखा येथे आणि तमिळनाडूच्या तिरुनेलवेली-तुतिकोरीन पट्ट्यातही अशीच यंत्रे बसत होती. वीजजाळ्याला जोडलेल्या पवनऊर्जेचा भारतातला आरंभ तो हाच. त्याच्या इतिहासात महाराष्ट्राच्या वाट्याला ‘रत्नागिरी’ हे नाव येते. देवगड तालुका १ मे १९८१ रोजी नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला, तरी बाहेरच्यांच्या लेखी हा किनारा रत्नागिरीचाच राहिला.

या यंत्रांवर पैसे घालायला त्या वेळी कोणीही शहाणा सावकार तयार झाला नसता. वारा वर्षभर किती वाहतो याची खात्रीची नोंद नाही, खाऱ्या हवेत पोलाद किती टिकेल याचा अनुभव नाही, सुटे भाग हजारो मैलांवर, आणि गावची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वीज मंडळाला कोळशाची आणि पाण्याची वीज पुरवतानाच नाकी नऊ येत होते. बँकांच्या लेखी पवनचक्की हे कर्ज देण्याजोगे यंत्रच नव्हते. पैसे आले ते दिल्लीतल्या एका अशा विभागाकडून, जो पाच वर्षांपूर्वी अस्तित्वातही नव्हता.

त्या विभागाची गोष्ट तेलापासून सुरू होते. १९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा हात आखडता घेतला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरच्या घरात गेला. १९७९मध्ये इराणची क्रांती झाली आणि दुसरा तडाखा बसला. मधल्या काळात, १९७४मध्ये, ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले होते, पण ते देशाची तहान भागवण्याइतके नव्हते. १९८०-८१ या वर्षात भारताची एकूण निर्यात ६,७११ कोटी रुपयांची होती आणि तेलाच्या आयातीचे बिल ५,२६४ कोटींचे. परदेशात माल विकून मिळवलेल्या दर रुपयातले जवळपास ७८ पैसे तेलात जात होते.

पर्यायांचा शोध तोवर चाललाच नव्हता असे नाही, पण तो विखुरलेला होता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करण्याचा प्रयोग १९व्या शतकाच्या अखेरीस झाला होता. गोबरगॅसचा प्रसार खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात हाती घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने पन्नासच्या दशकात सौरचूल बाजारात आणली आणि ती साफ पडली. वाऱ्याचे काम १९५२ साली एम. एस. थॅकर यांच्या पुढाकाराने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत सुरू झाले. पी. नीलकांतन यांच्याकडे एक उपसमिती सोपवली गेली. पुढे बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या बनवल्या. प्रत्येक ठिकाणी चार माणसे, थोडे अनुदान आणि एखादा नमुना. नमुना चालला तर त्याचे पुढे काय करायचे, हे ठरवणारा मात्र कोणी नव्हता.

सरकारजवळ यावर एक तयार तोडगा होता, आणि तो मुंबईत घडलेला होता. होमी भाभांच्या आग्रहावरून ऑगस्ट १९४८मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. १९५४मध्ये अणुऊर्जा विभाग निर्माण झाला तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत, आणि त्याचे मुख्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवले गेले. आयोगाचा अध्यक्ष हाच विभागाचा सचिव. त्यामुळे वैज्ञानिकाने मागायचे आणि बाबूने नाकारायचे हा नेहमीचा खेळ तिथे चालत नव्हता. १९५८च्या ठरावाने आयोगाला भरघोस आर्थिक अधिकारही मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. १९७२मध्ये अवकाश संशोधनासाठी याच धर्तीचा आयोग झाला. उत्तराची खात्री नाही, खर्च मोठा आहे आणि फळ दहा-वीस वर्षांनी मिळेल, अशा कामासाठी आयोग नेमायचा, हे दिल्लीच्या अंगवळणी पडले होते.

मार्च १९८१मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागात तिसरा आयोग आला. त्याचे नाव अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग. नव्या ऊर्जेचे धोरण आखणे, त्यासाठी कार्यक्रम ठरवणे, देशभरच्या संशोधनाची सांगड घालणे आणि त्याला वेग देणे, अशी कामे त्याच्याकडे होती. तो अणुऊर्जा आणि अवकाश आयोगांच्या नमुन्यावर बेतलेला होता. त्याच ऑगस्टमध्ये नैरोबीला नव्या आणि पुनर्निर्मितीक्षम ऊर्जास्रोतांवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि इंदिरा गांधी तिथे जातीने बोलल्या. सप्टेंबर १९८२मध्ये ऊर्जा मंत्रालयात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग निघाला आणि आयोग त्याच्या पोटात गेला. महेश्वर दयाळ या विभागाचे सचिव होते.

नमुना तोच घेतला, पण एक मोठा फरक राहिला. अणुऊर्जेच्या आयोगाजवळ तुर्भ्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, स्वतःचे हजारो अभियंते होते, आणि गिऱ्हाईक एकच होते: सरकार. नव्या विभागाजवळ यातले काहीही नव्हते. त्याला दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांना, सार्वजनिक कंपन्यांना, राज्य सरकारांना पैसे द्यायचे होते. आणि यंत्रे शेवटी चालायची होती ती खेड्यातल्या घरात, शेतात, वीज मंडळाच्या खांबांवर.

विभागाने हात मात्र चौफेर घातला. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीत सिलिकॉनचे सौरघट बनत होते. त्यांच्या प्रात्यक्षिकांना पैसा दिला गेला. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला सौरऊर्जा केंद्र निघाले. पाणी उपसण्यासाठी १२ पात्यांच्या, ५ मीटर व्यासाच्या पवनचक्क्या गावोगाव बसवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ लवकरच बंद पडल्या. तिरुचिरापल्लीला भेल आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र मिळून कोळशापासून थेट वीज काढण्याचा एक अचाट प्रयोग करत होते: कोळसा जाळून मिळालेला अतितप्त वायू प्रचंड शक्तीच्या चुंबकातून न्यायचा आणि टर्बाइन न फिरवताच वीज मिळवायची. सोव्हिएत मदतीने उभारलेला हा पथदर्शी प्रकल्प १९८५मध्ये सुरू झाला. त्यातून व्यापारी वीज कधीच आली नाही. जगात दुसरीकडेही आली नाही. केरळात विळिंजमला समुद्राच्या लाटांपासून वीज करणारे १५० किलोवॅटचे संयंत्र १९९१च्या सुमारास चालू झाले; ते सागर विकास विभागाच्या आणि मद्रास आयआयटीच्या खात्यावरचे. त्याचाही पुढे कारखाना झाला नाही.

हिशेबतपासनिसाच्या वहीत हे सगळे वाया गेलेले पैसे. पण अशा कामात दहातले सात डाव हरायचेच असतात, आणि कोणते सात हरले व का हरले याची नोंद ठेवणे हाच निम्मा मोबदला असतो. नव्या विभागाने ही नोंद सर्वांत चोख ठेवली ती वाऱ्याच्या बाबतीत.

वाऱ्याची नोंद सोपी वाटते, पण असत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते. उलट वेग अंदाजापेक्षा १० टक्के कमी निघाला, तर ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी घसरते, आणि तेवढ्यावर नफ्याचा तोटा होऊ शकतो. भारतात वाऱ्याची मोजणी हवामान खात्याच्या वेधशाळांत शंभरेक वर्षे चालू होती, पण ती पावसाच्या अंदाजासाठी. मापके जमिनीपासून फार उंचावर नव्हती, आणि वेधशाळेभोवती शहर वाढत गेले, झाडे मोठी झाली, तसतसा त्या नोंदींतला वाराही मंदावत गेला.

हे काम हातात घेतले ॲना मणी यांनी. १९४८पासून पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणे बनवण्यात आणि पारखण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. आयात केलेल्या मापकांवर चालणाऱ्या खात्याला त्यांनी देशी उपकरणांवर आणले. १९७६मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि मग सूर्य आणि वारा यांच्या मागे लागल्या. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९८३मध्ये देशाच्या वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे विभागाच्या पैशावर देशभर २०-२० मीटरचे मनोरे उभारून वाऱ्याचे नवे सर्वेक्षण सुरू झाले. त्याचे खंड नव्वदच्या दशकात एकामागून एक निघत राहिले. खाजगी कंपनीने हे केले असते तर आकडे तिजोरीत ठेवले असते. इथे ते छापून खुले झाले.

दुसरा प्रश्न, यंत्र कोणते घ्यायचे? सत्तरच्या दशकात अमेरिकेने हे काम नासाकडे दिले होते. विमाने आणि रॉकेटे बनवणाऱ्या कंपन्यांनी थेट मेगावॅटच्या भाषेत विचार केला. ओहायोत १९७५मध्ये १०० किलोवॅटचे पहिले यंत्र फिरले आणि मग दरवेळी आधीच्यापेक्षा अजस्र, अशी चढण सुरू झाली. जर्मनीने १९८३मध्ये ‘ग्रोव्हियान’ नावाचे ३ मेगावॅटचे, १०० मीटर व्यासाचे धूड उभारले. ते काही शे तास चालून काही वर्षांत मोडीत निघाले. डेन्मार्कने उलटी वाट धरली. योहानेस यूल या अभियंत्याने १९५७ साली गेडसरला तीन पात्यांची, २०० किलोवॅटची साधी दणकट चक्की उभारली होती. सुतार, लोहार, शेतीची अवजारे बनवणारे कारखानदार यांनी तीच घडण पुढे नेली. ३० किलोवॅट, मग ५५ किलोवॅट. सरकारने रिसो येथे चाचणी केंद्र काढले आणि तिथे पास झालेल्या यंत्राच्या खरेदीलाच अनुदान ठेवले. व्हेस्टास ही त्यांतलीच एक कंपनी, मूळची शेतीयंत्रांची.

देवगडला आलेले यंत्र हेच. भारताने नासाच्या वाटेने जायचे टाळले; शोधायचे ठेवले ते यंत्र नव्हे, तर या यंत्राचे आपल्या हवेत, आपल्या तारांवर काय होते ते. हा निर्णय नजरेत भरण्याजोगा नव्हता, पण शहाणपणाचा होता. धोका तरीही होताच. कॅलिफोर्नियातल्या करसवलती १९८५च्या अखेरीस संपल्या, तिथली पवनचक्क्यांची लाट ओसरली आणि १९८६मध्ये, म्हणजे देवगडच्या मनोऱ्यांच्याच वर्षी, व्हेस्टासचे दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी फक्त पवनचक्क्यांचा धंदा घेऊन ती नव्याने उभी राहिली.

महाराष्ट्रात या कामाला वाहिलेली संस्थाही तेव्हाच जन्मत होती. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, आजची महाऊर्जा, १९८५मध्ये नोंदली गेली आणि जुलै १९८६पासून काम करू लागली. दिल्लीचा विभाग पैसे देणार, राज्याची संस्था जागा आणि वीज मंडळ यांच्याशी जुळवणार, अशी ही रचना. पुढच्या वर्षांत महाऊर्जेने विजयदुर्ग, साताऱ्यातले चाळकेवाडी, अमरावतीतले मोथा अशा ठिकाणी प्रात्यक्षिक प्रकल्प उभारले.

कोकणाच्या किनाऱ्यावर वारा दोन तऱ्हांचा. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे. मच्छीमाराचे सगळे वेळापत्रक त्यावर चालते, पण मोठे पाते फिरवायला ते बेताचेच. पात्यांना खरे बळ येते ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे, जूनपासून ऑगस्टपर्यंत. म्हणजे वर्षाची बहुतेक वीज पावसाच्या तीन-चार महिन्यांत, जेव्हा शेतीपंप बंद असतात. आणि एप्रिल-मेच्या काहिलीत हात जवळजवळ रिकामे. शिवाय या चक्क्यांतले जनित्र वीजजाळ्याच्या आधारानेच चालणारे. तारेत वीज नसली की भर वाऱ्यातही यंत्र थांबवावे लागे, आणि वादळी पावसात कोकणातली वीज पहिली जाते. खारा वारा पोलाद, वायरिंग, पेट्या खातो तो वेगळाच. डेन्मार्कच्या पुस्तकात न लिहिलेले हे धडे अशा किनारी प्रकल्पांनी आपल्या अभियंत्यांना दिले.

पुढचे मोठे प्रकल्प महाराष्ट्रात किनाऱ्यावर झालेच नाहीत. सर्वेक्षणाच्या आकड्यांनी बोट दाखवले ते सह्याद्रीच्या माथ्याकडे आणि त्याच्या पूर्वेच्या पठारांकडे: सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, नगर. समुद्रावरून आलेला मोसमी वारा घाट चढून वर येतो तेव्हा उघड्या पठारावर त्याला अडवणारे काही नसते. कोयनेच्या जलाशयावरच्या पाटण तालुक्यात वनकुसवडे हे नाव नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देशभर झाले ते यामुळे.

तोवर सरकारची भूमिकाही बदलली होती. मार्च १९८७मध्ये ‘इरेडा’ ही कर्ज देणारी सरकारी कंपनी निघाली. अनुदानाची जागा स्वस्त कर्ज घेऊ लागले. १९९२मध्ये विभागाचे स्वतंत्र मंत्रालय झाले. केंद्राने पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा, म्हणजे यंत्राची पूर्ण किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा, देऊ केला, राज्याने विक्रीकरात सूट दिली. सुरतेत कापडाचा धंदा करणारे तुलसी तांती विजेच्या बिलाला कंटाळून दोन पवनचक्क्या घेऊन बसले होते. १९९५मध्ये त्यांनी सुझलॉन काढली आणि बस्तान बसवले पुण्यात. वनकुसवड्याच्या पठारावर त्यांची यंत्रे उभी राहिली. गिऱ्हाइकांत बजाज ऑटोसारखे उद्योग होते. दहा वर्षांपूर्वी ज्या यंत्राला कोणी दारात उभे करत नव्हते, त्यासाठी आता पठारावरच्या जमिनीला भाव आला.

आणि इथेच एक गोष्ट सुटत गेली. घसाऱ्याची सवलत मिळे यंत्र बसवल्यावर. वीज किती निघाली हे त्यात कोणी विचारत नव्हते. मार्चअखेर चक्की उभी राहिली की कर वाचला. काही ठिकाणी जागा वाऱ्यापेक्षा कराच्या सोयीने निवडल्या गेल्या. सरकारी अहवालांतही बसवलेल्या मेगावॅटचा आकडा वरच्या ओळीत आला आणि ‘काय कळले’ हा रकाना आखडत गेला. निघालेल्या प्रत्येक युनिटवर ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना यायला डिसेंबर २००९ उजाडावे लागले.

हेच दुसऱ्या टोकाला चुलींच्या बाबतीत घडले. १९८३च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. लक्ष्य होते चुलींच्या संख्येचे, धुराच्या मापाचे नव्हे. किती चुली दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकल्या याची फिकीर आराखडा आखणाऱ्यांना नव्हती. वाटप हे प्रशासनाचे काम, संशोधन हे शंकेखोर माणसाचे. एकाच विभागाने दोन्ही केली की बहुधा वाटपच जिंकते.

पठारावर लोकांचा संशय तिसऱ्याच कारणाने उसळला. २००३-०४च्या दुष्काळात सांगली, सातारा, धुळे भागांत बोलले जाऊ लागले की पवनचक्क्या ढग पळवतात. हवामानशास्त्रज्ञांनी याला आधार नाही असे सांगितले, मोर्चे तरी निघालेच. पण त्या रागाखाली खरे दुखणे होते: कवडीमोलाने गेलेली जमीन, पठारावरचे मोठाले रस्ते आणि गावात न येणारी वीज. पंधरा वर्षांच्या संशोधनात पात्याचा कोन, गिअरची पेटी, वाऱ्याची घनता सगळे मोजले गेले होते. पठारावरच्या माणसाचा वाटा कोणत्याही तक्त्यात नव्हता.

या सगळ्या काळात देवगडशेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याने सरकारने पत्करलेल्या धोक्याचे आणखी दोन नमुने पाहिले, पवनचक्क्यांपेक्षा हजारो पटींनी मोठे. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला एनरॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प: जून १९९२मध्ये प्राथमिक करार, डिसेंबर १९९३मध्ये वीजखरेदी करार, १९९५मध्ये रद्द, मग पुन्हा वाटाघाटी. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला आणि २००१मध्ये बंद पडला. डिसेंबर २००१मध्ये एनरॉनच दिवाळखोर झाली. तिथे तंत्र नवे नव्हते. धोका होता तो किमतीचा, इंधनाचा आणि रुपयाच्या दराचा, आणि हमी सरकारची. राजापूर तालुक्यातल्या माडबनला जैतापूर प्रकल्प: १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या. डिसेंबर २०१०मध्ये त्यासाठीच्या करारांवर सह्या झाल्या तेव्हा त्या घडणीची एकही अणुभट्टी जगात कुठे चालू नव्हती. पहिली व्यापारी वीज चीनच्या तायशानला २०१८च्या अखेरीस मिळाली. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलच्या अणुभट्टीचे काम २००७मध्ये सुरू झाले आणि ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये. देवगडला ५५ किलोवॅटचे यंत्र आधी आणून बघणारे सरकार माडबनला ९,९०० मेगावॅटची आखणी एका घासात करत होते.

हरण्याची तयारी ठेवून छोटे छोटे डाव लावण्याचा विचार अमेरिकेत एका नव्या संस्थेच्या रूपाने पुढे आला. स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने धाडसी संशोधनासाठी ‘अर्पा’ काढली होती. २००५मध्ये तिथल्या विज्ञान अकादमींनी ऊर्जेसाठी तशीच संस्था सुचवली, २००७मध्ये कायदा झाला आणि २००९मध्ये ४० कोटी डॉलरसह ‘अर्पा-ई’ कामाला लागली. तिचे पहिले संचालक अरुण मजुमदार, पवईच्या आयआयटीचे १९८५चे यंत्र अभियंते. पहिल्या हाकेला सुमारे ३,७०० प्रस्ताव आले. निवडले गेले ३७. कार्यक्रम चालवणारे तज्ज्ञ काही वर्षांसाठीच येतात, प्रत्येक प्रकल्पाला टप्पे ठरवून दिले जातात आणि टप्पा गाठला नाही तर पैसे थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हाती असतो. दिल्लीच्या विभागाला हीच मुभा कधी मिळाली नाही. सुरू झालेली योजना बंद करणे हे सरकारी खात्यात सुरू करण्याहून अवघड.

भारतानेही २०१०मध्ये पैशाची सोय केली होती. कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. त्यातून स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहणार होता, आणि संशोधन हा त्याचा जाहीर हेतू होता. उपकर वाढत २०१६मध्ये ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८पर्यंत त्यातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांतले २९,६४५ कोटी निधीत वळवले गेले आणि प्रकल्पांवर लागले १५,९११ कोटी. जुलै २०१७मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा कोळशावरची ही वसुली राज्यांच्या नुकसानभरपाईकडे गेली. पैसा होता, तो कुठे पणाला लावायचा हे ठरवणारी आणि हरण्याची मुभा असलेली यंत्रणा मात्र बांधली गेली नाही.

मोजणीचा वारसा मात्र चालू आहे. १९९८मध्ये चेन्नईत पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र निघाले. तेच आज राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था म्हणून मनोऱ्यांचे आणि चाचण्यांचे काम पाहते. २०१७मध्ये या संस्थेने खंबातच्या आखातात लेसरने वारा मोजणारे उपकरण उभारले. पुढे जून २०२४मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची तूटभरपाई मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅट. देशाची जमिनीवरची पवनक्षमता २०२५च्या मार्चअखेर ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली होती, समुद्रातली शून्यावर होती.

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऊर्जा सुरक्षा हे तिच्या क्षेत्रांपैकी एक. मदत प्रामुख्याने दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी कर्जाची आहे आणि ती मिळेल ती प्रयोगशाळेत चाचणी झालेल्या तंत्राला. त्याआधीच्या टप्प्यासाठी २०२३च्या कायद्याने झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. नव्या ऊर्जेपुरता वेगळा आयोग मात्र १९८२मध्ये विभागात विरघळला, तो पुन्हा झालेला नाही.